अणुभट्टीवरचे जहाज: बंद का पडले, टिकले कसे

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या आगेमागे बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम होतात, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे काही महिने साखर कारखान्यांच्या चिमण्या रात्रंदिवस चालू राहतात. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात रोज चौदाशे-पंधराशे टन बगॅस निघतो आणि त्यातला बराचसा भट्टीत जातो. वाफ करायची तर इतके जळण लागतेच, असे आपण गृहीत धरून चालतो. आता एक वेगळा आकडा पाहा. ‘एन. एस. सव्हाना’ हे १८२ मीटर लांबीचे अमेरिकन प्रवासी-मालवाहू जहाज १९६२ पासून १९७० पर्यंत साडेचार लाख मैलांहून अधिक फिरले. तेही वाफेवरच चालत होते. एवढ्या प्रवासात त्याने जे इंधन खर्च केले त्याचे वजन भरले सुमारे ७४ किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाइतके. हेच अंतर तेलावर कापायचे झाले असते तर सुमारे ११ कोटी लिटर तेल जाळावे लागले असते, असा हिशेब त्या जहाजाबाबत दिला जातो.

हा आकडा वाचल्यावर पहिला प्रश्न असा पडतो की इतक्या थोड्या इंधनात जहाज चालते, तर आज जगातली सगळी मालवाहू जहाजे तशी का नाहीत? दुसरा प्रश्न त्याहून नवलाचा आहे. व्यापारात हरलेले, १९७१ मध्ये इंधन काढून घेतलेले हे जहाज अर्धशतकानंतरही भंगारात गेले नाही, बाल्टिमोरच्या धक्क्यावर लोकांना आत फिरून पाहता येईल अशा अवस्थेत उभे राहिले. आणि आपल्या मुंबईतली जुनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका, जिच्यावर एका अख्ख्या देशाचे प्रेम होते, ती मात्र दारूखान्यात तोडली गेली. हे कसे घडले? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. यंत्र किती चांगले आहे यावर त्याचे आयुष्य ठरत नाही. त्याच्याभोवती माणसांनी, कायद्याने आणि पैशाने कोणती व्यवस्था उभी केली आहे, यावर ते ठरते. हे पटण्यासाठी आधी ते यंत्र समजून घ्यावे लागेल.

बॉयलरच्या जागी काय असते?

साखर कारखान्याचे बॉयलरघर ज्याने पाहिले आहे त्याला सव्हानाचा निम्म्याहून अधिक भाग ओळखीचा वाटेल. कारखान्यात बगॅस जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन फिरते आणि तिच्यावर जनित्र किंवा ऊस चिरडणारे रोलर चालतात. काम संपलेली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि बॉयलरकडे परतते. जहाजात रोलरच्या जागी पंखा असतो, जो समुद्राचे पाणी मागे ढकलतो. टर्बाइन फार वेगाने फिरते आणि पंखा सावकाश फिरवावा लागतो, म्हणून मधे दातेरी चाकांची मोठी पेटी असते. वाफ थंड करायला समुद्राचे पाणी तर चहूबाजूंनी असतेच. सव्हानाने या साखळीतली एकच कडी बदलली: भट्टीत जाळण्याचे काम काढून टाकले आणि तिथे अणू फोडून मिळणारी उष्णता आणली.

अणू फोडणे म्हणजे काय, तेही थोडक्यात पाहू. युरेनियमचा एक प्रकार, ज्याला युरेनियम-२३५ म्हणतात, त्याच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण आदळला की गाभा दुभंगतो. दुभंगताना उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढच्या गाभ्यांवर आदळतात आणि क्रिया स्वतःच स्वतःला चालू ठेवते. बगॅस जळताना फक्त अणूंच्या जोड्या मोडतात आणि नव्या जुळतात, अणूचा गाभा जसाच्या तसा राहतो. गाभ्याला बांधून ठेवणारी शक्ती या जोडण्यांपेक्षा लाखो पटींनी मोठी आहे. एका माणसाच्या वजनाइतके इंधन आठ वर्षे पुरते, त्याचे कारण एवढेच आहे. त्यात चमत्कार नाही.

ही क्रिया आटोक्यात ठेवायची तर न्यूट्रॉन गिळणारे काहीतरी मधे हवे. त्यासाठी सव्हानाच्या भट्टीत २१ नियंत्रण कांड्या होत्या. कांड्या वर ओढल्या की क्रिया वाढे, खाली सोडल्या की मंदावे, पूर्ण खाली गेल्या की थांबे. इंधनाचे ३२ जुडगे होते. त्यातल्या युरेनियममध्ये २३५ या प्रकाराचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढवलेले होते. निसर्गात ते एक टक्काही नसते. अणुबाँबसाठी लागणाऱ्या इंधनात हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असावे लागते. त्यामुळे अणुभट्टी म्हणजे थोपवून धरलेला बाँब, ही समजूत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने चुकीची आहे. भट्टीचे धोके वेगळे आहेत, खरे आहेत, आणि त्यांच्याकडे पुढे येऊ.

आता पाण्याचा भाग. महाबळेश्वरात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. याच नियमाचे दुसरे टोक सव्हानात वापरले होते. भट्टीतल्या पाण्यावर वातावरणाच्या जवळजवळ १२० पट दाब ठेवला जाई. एवढ्या दाबाखाली ते पाणी २६० अंशांवर तापूनही उकळत नसे. हे तापलेले पाणी पंपांच्या जोरावर बंद नळ्यांतून फिरत राही आणि आपली उष्णता नळ्यांच्या बाहेरच्या, कमी दाबाच्या दुसऱ्या पाण्याला देई. त्या दुसऱ्या पाण्याची वाफ होई आणि तीच टर्बाइनकडे जाई. दोन पाण्यांची भेट फक्त नळीच्या धातूच्या भिंतीतून. यामुळे भट्टीला स्पर्श झालेले पाणी टर्बाइनपर्यंत पोहोचत नसे आणि इंजिनखोलीतली माणसे टर्बाइनशेजारी उभी राहून काम करू शकत. आपल्या तारापूरच्या १९६९ मधल्या पहिल्या दोन भट्ट्यांची रचना निराळी आहे. तिथे पाणी भट्टीतच उकळते आणि तीच वाफ थेट टर्बाइनला जाते. तिथल्याच तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत पुन्हा दोन वेगळे फेरे आहेत, फक्त पहिल्या फेऱ्यात जड पाणी असते.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की सव्हानाच्या टर्बाइनला मिळणारी वाफ काही असामान्य नव्हती. आज आपल्या भागातले कारखाने सहवीजनिर्मितीसाठी जे बॉयलर बसवतात, त्यांच्या वाफेचा दाब सव्हानाच्या वाफेपेक्षा चांगलाच जास्त असतो. वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्याच कंपनीने पुढे अणुवीज प्रकल्पांची अवजड सामग्रीही बनवली, हे उगाच घडलेले नाही. दाब सोसणारे पोलाद, निर्दोष वेल्डिंग आणि न थांबणारे पंप या दोन्ही ठिकाणच्या गरजा आहेत. ज्यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाले, म्हणून तो दिवस देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. साखर, जहाज आणि अणुशक्ती हे तीन धंदे वरून वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत.

धुराडे नाही, पण भिंती जाडजूड

जळण नाही म्हणजे धूर नाही, आणि धूर नाही म्हणून धुराडे नाही. सव्हानाच्या चित्रात सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती हीच उणीव. जॉर्ज शार्प यांच्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेने काढलेल्या आराखड्यात नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक सलग, निमुळती, पांढरी रेषा आहे. वाचलेली जागा आणि वजन मात्र दुसरीकडे खर्च झाले. भट्टीभोवती ५० फूट लांब आणि ३५ फूट व्यासाचे पोलादी पिंप होते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती चार फूट जाडीचे काँक्रीट, वरच्या भागावर शिसे आणि पॉलिथिनचे थर. गॅमा किरणे अडवायला शिशासारखा जड पदार्थ लागतो, न्यूट्रॉन अडवायला हायड्रोजन भरपूर असलेला हलका पदार्थ लागतो, म्हणून ही जोडी. दुसरे जहाज कुशीत घुसले तर त्याचा आघात जिरावा म्हणून बाजूला पोलाद आणि रेडवूड लाकडाचे थर एकाआड एक बसवले होते. जहाज बुडालेच तर खोल पाण्याच्या दाबाने पिंप चुरडू नये, यासाठी ठरावीक खोलीवर आपोआप उघडून समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपाही होत्या. भट्टी बंद पडली तर बंदर गाठता यावे म्हणून ७५० अश्वशक्तीची विजेची मोटर वेगळी ठेवलेली होती.

एवढी काळजी घेऊनही चूक झाली, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. बंद फेऱ्यातले पाणी तापताना फुगते. जादा पाणी काढून टाक्यांत साठवावे लागते. त्या टाक्या लहान ठरल्या आणि पहिल्या वर्षात सुमारे ४ लाख ३५ हजार लिटर अतिसौम्य किरणोत्सारी पाणी समुद्रात सोडले गेले. त्या काळच्या नियमांत ते बसत होते आणि त्याची तीव्रता फारच कमी होती, तरी आज कोणतेही बंदर हे चालवून घेणार नाही, आणि तेच योग्य आहे. अणुजहाजाची बाजू मांडणाऱ्याने हा आकडा स्वतःहून सांगितला पाहिजे. मात्र सव्हानाच्या अपयशाचे कारण म्हणून तो पुढे करणे बरोबर नाही, कारण जहाज बंद झाले ते या विसर्गामुळे नव्हे.

चौकट: सव्हाना थोडक्यात
राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डिसेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ‘शांततेसाठी अणू’ ही भूमिका मांडली. तिच्या प्रचारासाठी हे जहाज बांधायचे ठरले. कॅम्डन, न्यू जर्सी इथल्या गोदीतून २१ जुलै १९५९ रोजी जलावतरण झाले. भट्टी पहिल्यांदा पेटली २१ डिसेंबर १९६१ रोजी. खर्च ४ कोटी ६९ लाख डॉलर, त्यातले २ कोटी ८३ लाख डॉलर एकट्या भट्टीवर आणि इंधनावर. शक्ती सुमारे २० हजार अश्वशक्ती, वेग २१ नॉट, म्हणजे ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास. प्रवासी ६०. नाव घेतले ते १८१९ मध्ये शिडांच्या जोडीला वाफेचे इंजिन घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावरून.

यंत्र चालले, हिशेब चालला नाही

सव्हानाचे इंधन एकदाच, १९६८ मध्ये बदलले गेले, तेही ३२ पैकी चारच जुडगे. भट्टीने दगा दिला नाही. तरी हे जहाज अशाच दुसऱ्या जहाजांचे पूर्वज झाले नाही, आणि त्याची कारणे इंजिनखोलीच्या बाहेर सापडतात. पहिले कारण आराखड्यातच होते. जहाज प्रचारासाठी बांधले होते, त्यामुळे त्यात तीस सुंदर खोल्या, पोहण्याचा तलाव, चित्रपटगृह, ग्रंथालय आणि भव्य भोजनगृह होते. मालासाठी उरली ती साडेआठ हजार टनांची सोय. बरोबरीची अनेक जहाजे याच्या कितीतरी पट माल नेत. नाळेकडचा भाग देखणा आणि निमुळता ठेवल्याने तिथल्या मालखान्यांत माल चढवणे-उतरवणे जिकिरीचे होते. त्यातच १९५६ पासून कंटेनरची पद्धत सुरू झाली होती आणि १९५८ पासून अटलांटिकवर जेट विमाने प्रवासी नेऊ लागली होती. म्हणजे प्रवासी विमानाने पळवले, माल कंटेनरने. दोन्ही गिऱ्हाइके सुटत असतानाच हे जहाज दोघांसाठी बांधले गेले.

दुसरे कारण माणसांचे. कर्मचारी तशाच तेलाच्या जहाजापेक्षा एक-तृतीयांशाने जास्त लागत आणि त्यांना दीर्घ प्रशिक्षण द्यावे लागे. जहाजांवर डेकवरच्या अधिकाऱ्यांचा पगार इंजिनाकडच्यांपेक्षा जास्त, अशी जुनी रीत. इथे अणुविद्या शिकलेल्या इंजिनिअरांना वाढीव पगार मिळू लागला, डेकवाल्यांनी तक्रार केली, लवादाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९६३ मध्ये इंजिनिअरांनी भट्टीच बंद केली. सरकारला कंपनी बदलावी लागली आणि नव्या लोकांना शिकवण्यात मोठा काळ गेला. तिसरे कारण बंदरांचे. अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे ठरल्याशिवाय कोणताही देश असे जहाज आत घ्यायला तयार नव्हता. त्यासाठी १९६२ मध्ये ब्रुसेल्सला झालेला आंतरराष्ट्रीय करार कधी अमलातच आला नाही, म्हणून अमेरिकेला एकेका देशाशी स्वतंत्र बोलणी करावी लागली. मालवाहतुकीत वेळ म्हणजे पैसा. ज्या जहाजाला प्रत्येक बंदराच्या दारात परवानगीसाठी थांबावे लागते ते भाड्यात कसे पुरे पडणार?

या सगळ्याची बेरीज अशी झाली की सव्हाना चालवायला त्याच जातीच्या तेलाच्या जहाजापेक्षा वर्षाला सुमारे २० लाख डॉलर जास्त अनुदान लागे. म्हणून ते थांबवले. त्यानंतर दोन वर्षांतच, १९७३ मध्ये, तेलाचा भडका उडाला. १९७१ मध्ये टनाला २० डॉलरच्या आसपास मिळणारे जहाजी तेल १९७४ मध्ये ८० डॉलरवर गेले. त्या भावात सव्हानाचा खर्च तेलाच्या जहाजाइतकाच पडला असता. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. उत्तम यंत्रे असलेले साखर कारखाने कर्जापायी, उसाच्या टंचाईपायी किंवा कारभारापायी भाड्याने गेलेले इथे सर्वांनी पाहिले आहेत. तिथे कुणी बॉयलरला दोष देत नाही.

यावर कुणी म्हणेल की ही एका जहाजाची गोष्ट झाली, बाकीची तरी कुठे यशस्वी झाली? आक्षेप रास्त आहे. जर्मनीचे ‘ओटो हान’ १९६८ ते १९७९ अणुशक्तीवर चालले, मग त्याला डिझेल इंजिन बसवले गेले. जपानच्या ‘मुत्सू’ची भट्टी १९७४ मध्ये समुद्रात पेटवली आणि वरच्या आवरणातल्या त्रुटीमुळे किरणोत्सर्ग बाहेर आला, चिडलेल्या मच्छीमारांनी जहाज सुमारे पन्नास दिवस बंदरात परतू दिले नाही. मुत्सूबाबत मी यंत्राला दोष देईन, कारण तिथे आवरणाचा आराखडाच सदोष होता. पण रशियाचे ‘सेवमोरपूत’ हे मालवाहू जहाज १९८८ मध्ये सेवेत आले आणि त्यांची अणुबर्फफोडी जहाजे १९५९ पासून चालत आली आहेत. तिथे बंदरे स्वतःची, मार्ग स्वतःचा, आणि बर्फाच्या समुद्रात वाटेत तेल भरण्याची सोय नाही. आपली ‘अरिहंत’ पाणबुडी जुलै २००९ मध्ये विशाखापट्टणमला पाण्यात उतरली, तीही याच तत्त्वावर चालते. पाणबुडीला हवेशिवाय चालणारे इंजिन हवे असते आणि तिथे मालाच्या भाड्याचा हिशेबच नसतो. म्हणजे यंत्र तेच, व्यवस्था बदलली की निकाल बदलतो. आज जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के जहाजांतून निघतात आणि २०५० च्या आसपास ते निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवले आहे. त्यामुळे अणुजहाजाचा विचार पुन्हा सुरू झाला आहे. तो करणाऱ्यांनी नव्या भट्टीच्या चित्रांपेक्षा बंदराचे करार आणि नुकसानभरपाईचे कायदे आधी पाहावेत, असे माझे ठाम मत आहे.

भीतीनेच राखलेले जहाज

आता दुसरा प्रश्न. १९७१ मध्ये इंधन काढल्यावर सव्हाना भंगारात का गेले नाही? इंधन गेले तरी भट्टीचे मुख्य पात्र तिथेच होते. वर्षानुवर्षे न्यूट्रॉन झेलून त्याचे पोलाद स्वतःच किरणोत्सारी झाले होते. अशा वस्तूसाठी अमेरिकी अणुनियामक आयोगाचा परवाना लागतो, आणि परवाना असेपर्यंत मालकाला ती विकून मोकळे होता येत नाही. तिची राखण, तपासणी, दुरुस्ती करावीच लागते. मालक होते सरकारचे सागरी प्रशासन. भट्टी बंद झाल्यापासून साठ वर्षांत ती पूर्ण मोडीत काढायची, असा नियम. तोवर थांबण्यात शहाणपणही होते. अशा पोलादात त्रास देणारा मुख्य पदार्थ कोबाल्ट-६० हा असतो आणि त्याची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. पन्नास वर्षांत हे निम्मे होणे साडेनऊ वेळा घडते, म्हणजे तीव्रता सातशेव्या हिश्शाच्या आसपास उतरते. भट्टी जितकी उशिरा काढावी तितके ते काम सोपे आणि कामगारांना सुरक्षित.

थांबण्याच्या त्या वर्षांतच जहाज प्रेक्षणीय झाले. १९८१ ते १९९४ ते दक्षिण कॅरोलिनातल्या पॅट्रियट्स पॉइंट संग्रहालयात होते. १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. संग्रहालयात अपेक्षेइतके पाहुणे आले नाहीत आणि गोदीतल्या दुरुस्तीचा खर्च समोर उभा राहिला, तेव्हा ते पुन्हा सरकारी राखीव ताफ्यात गेले, आणि २००८ मध्ये बाल्टिमोरला आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये भट्टीचे मुख्य पात्र बाहेर काढण्यात आले. आत फिरणाऱ्याला धोका नाही का, ही शंका स्वाभाविक आहे. इंधन पन्नास वर्षांपूर्वी गेले, पात्रही आता गेले, आणि प्रवाशांचा भाग तर चालू भट्टीच्या काळातही लोकांच्या वावरासाठीच बांधलेला होता; सेवेच्या काळात चौदा लाखांच्या आसपास लोक ते पाहून गेले.

पाहण्यासारखे काय आहे, हेही सांगायला हवे. या जहाजात नियंत्रणकक्षाला काचेच्या खिडक्या ठेवल्या होत्या, म्हणजे प्रवाशाने गॅलरीत उभे राहून यंत्र चालवणारी माणसे आणि त्यांच्यासमोरच्या तबकड्या पाहाव्यात. यंत्र लपवायचे नाही, दाखवायचे, हा विचार बांधतानाच केला होता. भोजनगृहात पिअर बुर्देल या कलावंताने घडवलेले अणुविभाजनावरचे भिंतीशिल्प आहे, आणि मुदपाकखान्यात घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा मायक्रोवेव्ह. टर्बाइन आणि दातेरी चाकांची पेटी जागेवर आहे. बाल्टिमोर-वॉशिंग्टनच्या बाजूला मुले-नातवंडे असलेल्यांनी तिकडे जाण्याआधी जहाज केव्हा खुले असते याची चौकशी जरूर करावी. मे महिन्यात अमेरिकेच्या सागरी दिनाला ते लोकांसाठी खुले केले जात आले आहे.

परवान्यानेच जहाज वाचवले असे म्हणणे अति होते का? ऐतिहासिक दर्जा आणि त्यासाठी झटणारे लोक यांचाही वाटा आहे, हे मान्य. पण ‘एस. एस. युनायटेड स्टेट्स’ची गोष्ट पाहा. अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा विक्रम करणारे, सव्हानापेक्षा कितीतरी लोकप्रिय जहाज. ऐतिहासिक नोंदीत त्याचे नाव होते, जिवापाड जपणारी संस्था होती, पण धक्क्याचे भाडे भरायला कायद्याने बांधलेला कुणी नव्हता. समुद्रतळाशी कृत्रिम प्रवाळखडक म्हणून बुडवण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ते फिलाडेल्फियाहून ओढून नेण्यात आले. सव्हानाचीही भट्टी आता निघाली आहे, त्यामुळे त्याच्यासमोरही हाच प्रश्न आहे, आणि इथेच खरी परीक्षा होईल.

विक्रांत, विराट आणि पुढचे जहाज

‘विक्रांत’ नौदलात आली ४ मार्च १९६१ रोजी, म्हणजे सव्हानाची भट्टी पेटली त्याच वर्षी. तिच्याही टर्बाइन वाफेच्या, फक्त बॉयलरांत तेल जळत असे. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली राहिली आणि २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण नोव्हेंबर २०१४ मध्ये तोडकाम सुरू झाले. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेचे त्याहून वाईट झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ती ठेवण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती अलंगला तोडायला निघाली. इतक्या मोठ्या बोटी राखणे गरीब देशाला परवडत नाही, असे यावर म्हटले जाते. खर्च मोठा आहे हे खरेच. गंजणारे पोलाद दर काही वर्षांनी गोदीत न्यावे लागते, तिकिटांवर ते भागत नाही, हे पॅट्रियट्स पॉइंटलाही कळले. पण त्यावरून सगळेच तोडावे हे ठरत नाही. मुत्सूचे जपान्यांनी काय केले पाहा: भट्टीचा भाग कापून काढला आणि मुत्सू शहरातल्या संग्रहालयात लोकांना दिसेल असा ठेवला, उरलेल्या सांगाड्याला नवी इंजिने बसवून ‘मिराई’ हे समुद्रसंशोधनाचे जहाज केले. जे शिकण्यासारखे होते ते वाचले.

विक्रांतच्या पोलादातून मोटरसायकली निघाल्या आणि मुंबईत एक स्मारकशिल्प झाले. तिची एखादी टर्बाइन, एखादा बॉयलर छेद देऊन, आतली पाती दिसतील असा उघडा ठेवला असता, तर सांगलीच्या, कऱ्हाडच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी सहलीला जाऊन तो पाहिला असता. वाफ पात्यावर कशी आदळते हे पुस्तकातल्या आकृतीतून कळायला जे वर्ष लागते, ते तिथे पाऊण तासात कळले असते. म्हणून मागणी नेमकी असावी. नौदलाचे किंवा सरकारी जहाज कंपनीचे पुढचे मोठे जहाज निवृत्त होण्याच्या किमान तीन वर्षे आधी त्याचा पालक कोण, गोदीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली आणि अख्खे जहाज जमत नसेल तर इंजिनखोलीचा कोणता भाग कापून कुठे ठेवायचा, हे लेखी ठरले पाहिजे आणि ते पाळणे कायद्याने बंधनकारक असले पाहिजे. सातारा आणि सांगलीच्या खासदार-आमदारांकडे ही मागणी इथल्या महाविद्यालयांनी आणि वाचकांनी आत्ताच करावी, जहाज अलंगच्या वाटेला लागल्यावर नव्हे.